निपाणीत गच्चीवरच्या कुंडीत पपायरस लावलाय, पण शेंडे करपताहेत. काय चुकतंय?

बहुतेक पाणीच कमी पडतंय. पपायरस म्हणजे दलदलीत वाढणारं, उंच गवतासारखं झाड; इतर झाडांसारखी 'माती सुकली की पाणी' ही पद्धत त्याला चालत नाही. मार्च ते मे गच्चीवर भोकाची कुंडी दुपारपर्यंत कोरडी पडते आणि शेंड्यांपासून तपकिरी व्हायला लागतं.

14-16 इंची, बिनभोकाचा टब घ्या. त्यात दोन भाग काळी माती, एक भाग जाडी वाळू आणि दोन मुठी चांगलं कुजलेलं शेणखत. कोकोपीट नको, ते पाण्यावर तरंगतं. वर बोटभर जाडीचा खडीचा थर द्या, म्हणजे पाणी ओतताना माती उकरली जात नाही. मातीवर दोन-तीन सेंमी पाणी कायम हवं. डासांसाठी चार-पाच गप्पी मासे पुरतात. मग मात्र टबात युरिया टाकू नका, मासेही मरतील आणि शेवाळही माजेल.

पाणी भरपूर असूनही शेंडे जळत असतील तर बोअरच्या क्षारांचा संशय घ्या. टब पूर्ण रिकामा करून पावसाचं पाणी भरा.

करपलेला दांडा मधे कापू नका, तो तिथून फुटत नाही. बुडापासूनच काढा. नवे कोंब खालच्या गड्ड्यातून येतात. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा खत बंद.

आणि नर्सरीवाल्याने दिलेलं नक्की पपायरसच आहे ना, हेही पाहा. दांड्याच्या टोकाला केसांसारखा झुपका असेल तर पपायरस. छत्रीच्या काड्यांसारखी चपटी पानं असतील तर अम्ब्रेला पाम. निगा दोघांची सारखीच, पण पपायरस पुरुषभर उंच जातो आणि गच्चीवरच्या वाऱ्यात मोडतो. त्याला भिंतीचा आडोसा लागतोच.