चेनसॉने कोणतं लाकूड किती वेगाने कापलं जातं, याची तुलना कशी करावी?

तुम्ही विचारलंय की एकाच चेनसॉने पाइन, साग आणि बाभूळ कापून, लागलेले सेकंद मोजून त्यांची क्रमवारी लावता येईल का. लावता येईल, पण नुसते सेकंद मोजलेत तर ती क्रमवारी चुकेल.

दर सेकंदाला किती चौरस सेंटिमीटर कापलं गेलं ते मोजा. २० सेंमी व्यासाच्या ओंडक्याचा छेद साधारण ३१४ चौ. सेंमी भरतो, ३० सेंमीच्या ओंडक्याचा ७०७. व्यास दीडपट, काम सव्वादोनपट. समजा ३० सेंमीचा पाइन १४ सेकंदांत कापला गेला आणि २० सेंमीची बाभूळ ९ सेकंदांत. घड्याळ बघितलं तर बाभूळ लवकर कापली गेली. हिशेब केला की पाइन सेकंदाला सुमारे ५० चौ. सेंमी आणि बाभूळ ३५. तरीही जमेल तितके ओंडके एकाच जाडीचे घ्या. जाड ओंडक्यात एकाच वेळी जास्त दात लाकडात असतात, इंजिनावर भार येतो, फेरे उतरतात आणि कापण्याचा दर पडतो. त्यात लाकडाचा दोष नसतो.

आता लाकडाकडे. पहिला अंदाज घनतेवरून बांधावा. सुकं बाल्सा घनमीटरला साधारण १५० किलो, पाइन ४०० ते ५००, साग ६५०च्या आसपास, बाभूळ त्याहून बरीच जड. जेवढं जड, तेवढे तंतू दाट आणि तेवढा दर कमी, हे ढोबळमानाने खरं ठरतं. बरेच जण यांका कठीणतेचा तक्ता पुढे करतात. त्या चाचणीत ११.२८ मिमी व्यासाची पोलादी गोळी निम्मी लाकडात रुतवायला किती जोर लागतो ते मोजतात. हा आकडा उपयोगी आहे, पण तो दाबाचा. चेनचा दात तंतू आडवा तोडतो, म्हणून त्या तक्त्यावरून सेकंद काढायला जाऊ नये.

माझ्या मते खरा घोळ ओलाव्याचा आहे. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरू लागला की लाकूड कडक होत जातं. ताजी तोडलेली बाभूळ चेन मुकाट्याने खाते. तीच वर्षभर सुकवली की दात आत शिरायला कुरकुरतात आणि ढलप्यांऐवजी बारीक भुसा पडतो. त्यामुळे ओली बाभूळ आणि सुका साग शेजारी ठेवून केलेल्या तुलनेला काही अर्थ उरत नाही. दोन्ही ओले घ्या किंवा दोन्ही सुके.

सागाची गोष्ट आणखी वेगळी. घनतेच्या मानाने तो सहज कापला जातो, पण त्याच्या लाकडात सिलिका असते आणि ती धार खाते. पहिला काप सुरेख जातो, पुढच्या कापांना दर घसरत जातो. सालीला लागलेली मातीही हेच करते, आणि जास्त झपाट्याने. म्हणून मोजण्याआधी साल ब्रशने झाडून घ्या. गाठ आलेला काप सरळ बाद करा. नारळासारख्या ताडवर्गी झाडांचं खोड बाहेरून घट्ट आणि आतून मऊ असतं, त्यामुळे एकाच कापात दर दोनदा बदलतो. त्याची सरासरी काढून यादीत बसवण्यात अर्थ नाही.

कापाची दिशाही नोंदवा. नेहमीची चेन आडव्या कापासाठी घासलेली असते, दाताचा वरचा कोन साधारण ३० अंश. ओंडका उभा चिरायला, म्हणजे टोकाकडून तंतूंच्या दिशेने फळी काढायला, १० अंशांच्या आसपास घासलेली चेन लावतात. या कामात दर एवढा पडतो की आडव्या कापाशी त्याची तुलनाच करू नये.

धारेचं मात्र मी कळकळीने सांगतो, कारण दोन लाकडांमधला फरक बोथट चेन सहज पुसून टाकते. नवी घासलेली चेन पाइन सोडाच, कडक लाकडातही स्वतःच्या वजनाने खाली उतरते. करवत दाबावी लागली की समजायचं, आता तुम्ही लाकूड मोजत नाही, चेन मोजताय. दातापुढच्या खुंटीची उंचीही तपासा. ती दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली असते. खुंटी उंच राहिली तर दात कितीही धारदार असो, लाकडावरून नुसता घसरतो.

प्रत्यक्ष मोजताना मी असं करतो: चेन घासायची, थ्रॉटल पूर्ण उघडायचा, पाइनचा एक काप घ्यायचा, मग बाकीची लाकडं आणि शेवटी पुन्हा त्याच पाइनचा काप. पहिल्या आणि शेवटच्या पाइनच्या दरात ठळक फरक दिसला तर मधले आकडे सोडून द्यायचे, चेन पुन्हा घासायची आणि या वेळी सागाला शेवटी ठेवायचं. ओंडका दोन्ही टोकांना टेकवून मध्ये कापू नका, काप मिटतो आणि बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, अडकतो. कापायचं टोक आधाराबाहेर ठेवा, म्हणजे काप उघडत जातो आणि प्रत्येक लाकडाला सारखीच संधी मिळते.