वाचकांचे प्रश्न : गेन हवा तेवढा का वाढवत नाहीत?

प्रश्न : स्टोअरेज रिंगमध्ये (इलेक्ट्रॉन सतत फिरत ठेवणाऱ्या वर्तुळाकार यंत्रात) फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांना ऊर्जा पुरवणाऱ्या कॅव्हिटीचे (रेडिओलहरी साठवणाऱ्या धातूच्या पोकळीचे) नियंत्रण फीडबॅकने, म्हणजे चूक मोजून तिची सतत दुरुस्ती करून, करतात. गेन (चूक किती पटीने वाढवून दुरुस्तीसाठी वापरायची तो आकडा) जितका जास्त तितकी चूक कमी, असे वाचले होते. मग तो हवा तेवढा का वाढवत नाहीत? आणि फीडबॅक असताना ट्यूनर कशाला लागतो?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, फक्त त्यात विलंबाचा हिशेब धरलेला नाही. कॅव्हिटीतल्या व्होल्टेजचा नमुना केबलमधून नियंत्रकापर्यंत येतो, तिथे त्याचे अंकांत रूपांतर होते, आणि दुरुस्त केलेला संकेत क्लायस्ट्रॉन या शक्तिवर्धक नळीतून पुन्हा कॅव्हिटीत पोहोचतो. या फेरीला एकूण १ मायक्रोसेकंद लागतो असे धरू. तेवढ्याने २५० किलोहर्ट्झच्या गडबडीची दुरुस्ती ९० अंश मागे पडते. कॅव्हिटी स्वतः आणखी जवळपास ९० अंशांची भर घालते, म्हणजे गडबड शमवायला निघालेली दुरुस्ती तिलाच हातभार लावू लागते. ५०० मेगाहर्ट्झच्या कॅव्हिटीची अर्धी बँडविड्थ (नैसर्गिक वारंवारतेपासून जेवढ्या अंतरावर तिचा प्रतिसाद निम्म्या शक्तीवर येतो ते अंतर) १० किलोहर्ट्झ असेल, तर गेन साधारण २५ झाला की यंत्रणा स्वतःच आंदोलू लागते. सुरक्षित अंतर राखायचे तर त्याच्या निम्म्यावरच थांबलेले बरे. म्हणूनच आराखड्याच्या पहिल्या दिवशी चिप निवडत बसण्यापेक्षा केबलची लांबी मोजावी, असे माझे मत आहे. नियंत्रक कॅव्हिटीपासून ३० मीटर दूर ठेवला, तर जाऊन-येऊन सुमारे पाव मायक्रोसेकंद केबलमध्येच जातो, आणि तो कितीही वेगवान प्रोसेसर घेऊन भरून निघत नाही.

ही सगळी काटेकोरपणाची धडपड का, हेही सांगायला हवे. ५०० मेगाहर्ट्झला फेजचा (लहरीच्या ३६० अंशांच्या चक्रातील स्थानाचा) ०.१ अंश म्हणजे अर्ध्या पिकोसेकंदाहून थोडा अधिक वेळ, आणि रिंगमधून निघणाऱ्या प्रकाशकिरणांच्या वेळेवर प्रयोग बेतणाऱ्याला तेवढाही फरक जाणवू शकतो.

ट्यूनरचे काम वेगळे आहे. इलेक्ट्रॉनांचा प्रवाह कॅव्हिटीत स्वतःचा व्होल्टेज निर्माण करतो. तो नुसत्या फीडबॅकने भरून काढायचा तर क्लायस्ट्रॉनवर विनाकारण भार येतो. म्हणून ट्यूनर कॅव्हिटीची नैसर्गिक वारंवारता संथपणे सरकवतो. इलेक्ट्रॉन रिंगमध्ये ती चालक वारंवारतेपेक्षा (क्लायस्ट्रॉनकडून येणाऱ्या संकेताच्या वारंवारतेपेक्षा) किंचित खाली ठेवतात. ऊर्जा वाढलेल्या इलेक्ट्रॉनांच्या पुंजक्याला फेरीसाठी जास्त वेळ लागतो, त्याची वारंवारता उतरून कॅव्हिटीच्या नैसर्गिक वारंवारतेजवळ येते, कॅव्हिटी त्याच्याकडून जास्त ऊर्जा काढून घेते आणि आंदोलन आपोआप विझते. चुकून ट्यूनर दुसऱ्या बाजूला गेला, तर हीच साखळी उलटी चालते आणि प्रवाह पुरेसा मोठा असेल तर पुंजके टिकत नाहीत. या अस्थिरतेला रॉबिन्सन अस्थिरता म्हणतात.