वॉशिंग्टन तह खरंच फुकट गेला का?

प्रश्न असा आहे की १९२२ चा वॉशिंग्टन नौदल तह करूनही दुसरं महायुद्ध झालंच, मग त्याचा उपयोग काय, आणि जर्मनीची बॅटलशिप बिस्मार्क त्याच तहात बसत होती का. बिस्मार्कचं शेवटी सांगतो.

मुळात तो तह युद्ध थांबवायला नव्हताच, खर्च थांबवायला होता. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन कर्जात बुडालेला, तिकडे अमेरिका आणि जपान दोघांनीही अवाढव्य बॅटलशिप बांधायला काढलेल्या, आणि नोव्हेंबर १९२१ मध्ये परिषदेच्या पहिल्याच दिवशी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ह्यूज उठले आणि कोणाची कोणती जहाजं भंगारात काढायची ते थेट नावं घेऊन सांगितलं, सगळे बघतच राहिले. ठरलं काय, तर बॅटलशिपच्या एकूण टनांचं प्रमाण अमेरिका, ब्रिटन, जपान ५:५:३, फ्रान्स-इटली प्रत्येकी १.७५, एका बॅटलशिपला ३५,००० टन आणि १६ इंची तोफ ही कमाल मर्यादा, आणि थोडे अपवाद सोडले तर दहा वर्षं नवी बांधणी बंद. जपानला अमेरिकेशी १०:७ प्रमाण पाहिजे होतं, पण त्यांच्या गुप्त तारा अमेरिकेच्या संकेत फोडणाऱ्या विभागाचा प्रमुख यार्डली याची माणसं फोडून वाचत होती, त्यामुळे जपान किती खाली येईल हे ह्यूजना आधीच ठाऊक! अर्थात जपान काही रिकाम्या हाताने गेला नाही, फिलिपिन्स, ग्वाम, हाँगकाँग इथे नवी तटबंदी करायची नाही हे त्याने पदरात पाडून घेतलंच.

आता गंमत बघा. अर्धवट बांधलेले सांगाडे टाकून देण्यापेक्षा त्यातल्या काहींची विमानवाहू जहाजं करायला तहानेच परवानगी दिली, त्यातून अमेरिकेच्या लेक्सिंग्टन-साराटोगा आणि जपानची अकागी आली. अकागीची जोडीदार अमागी १९२३ च्या भूकंपात मोडली म्हणून तिच्या जागी कागा घेतली. पुढे पर्ल हार्बरवर गेलेल्या सहा विमानवाहू जहाजांत अकागी आणि कागा होत्या. म्हणजे बॅटलशिपना लगाम घालणाऱ्या तहानेच त्यांची जागा घेणारं जहाज मोठं केलं. माझ्या मते तहाचा सगळ्यात मोठा परिणाम हाच, आणि तो कोणी ठरवून केलेला नव्हता.

पळवाटा तर विचारूच नका. क्रूझरला (बॅटलशिपहून लहान युद्धनौका) १०,००० टन आणि ८ इंची तोफा ही मर्यादा होती, सगळ्यांनी तेच टार्गेट धरलं. वॉशिंग्टनच्या पुढचा तह असलेल्या १९३० च्या लंडन तहात ६०० टनांखालच्या जहाजांवर बंधन नव्हतं, तर जपानने इवल्याशा टॉर्पेडो बोटींवर इतकी शस्त्रं चढवली की मार्च १९३४ मध्ये त्यातली तोमोझुरू ही बोट वादळात सरळ उलटी झाली. मोगामी क्रूझर कागदावर ८,५०० टन, ६ इंची तोफांची, पण तोफा बदलून ८ इंची बसवता येतील अशी सोय आधीच केलेली, आणि नंतर बसवल्यासुद्धा. १९३४ च्या शेवटी जपानने बाहेर पडायची नोटीस दिली आणि १९३६ संपताच तह संपला. पण तोवर जवळपास पंधरा वर्षं बॅटलशिपची शर्यत थांबली होती, हे फुकट गेलं असं मला तरी वाटत नाही.

राहिली बिस्मार्क. जर्मनी वॉशिंग्टन तहात नव्हताच, त्याच्यावर पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्साय तहाची, एका जहाजाला १०,००० टनांची मर्यादा होती. जून १९३५ मध्ये ब्रिटनने वेगळा करार करून जर्मनीला ब्रिटिश आरमाराच्या ३५ टक्के आरमार मान्य केलं, आणि बिस्मार्क त्या हिशोबात आली. जाहीर वजन ३५,००० टन, खरं ४१,००० च्या वर.