मीम्स आणि विनोदातून स्त्रीवादाचा विचार खरंच पोहोचतो का, की विषयच हलका होतो?

पोहोचतो. विषय हलका होतो तो विनोदाचा नेम चुकला तर.

जुलै 2014 मध्ये तुर्कस्तानचे तेव्हाचे उपपंतप्रधान बुलेंत अरिंच म्हणाले, बायकांनी चारचौघांत मोठ्याने हसू नये. तिथल्या बायकांनी ट्विटरवर स्वतःचे खळखळून हसतानाचे फोटो टाकायला सुरुवात केली. वाद घालायची गरजच पडली नाही. जून 2015 मध्ये सोलच्या एका परिषदेत नोबेलविजेते टिम हंट बोलून गेले की, प्रयोगशाळेत मुली असल्या की प्रेमप्रकरणं होतात आणि टीका केली की त्या रडतात. त्यावर संशोधक स्त्रियांनी आपले कामावरचे फोटो टाकले: नखशिखांत संरक्षक सूट, मास्क, हातमोजे, चेहऱ्याचा पत्ता नाही आणि सोबत ‘डिस्ट्रॅक्टिंगली सेक्सी’ (म्हणजे लक्ष विचलित होईल इतकी मादक) हा हॅशटॅग. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की हसता हसता लोकांनी बायकांना इतक्या तऱ्हेचं शास्त्रीय काम करताना पाहिलं. एरवी ते फोटो कोण बघायला गेलं असतं?

पण माझं सगळ्यात आवडतं उदाहरण फिनलंडच्या सारा सार्मा या संशोधिकेचं. 2015 मध्ये तिने एक ब्लॉग काढला. ज्या परिसंवादात व्यासपीठावर फक्त पुरुष असतील त्याचा फोटो किंवा जाहिरात घ्यायची आणि त्यावर अंगठा उंचावून शाबासकी देणाऱ्या डेव्हिड हॅसलहॉफ या अमेरिकन अभिनेत्याचा शिक्का मारायचा: अभिनंदन, तुमच्याकडे सगळे पुरुषच वक्ते आहेत! बस, एवढंच. यात कुणाला शिवी नाही, पण पुढच्या वेळी काय करायचं ते आयोजकाला लख्ख कळतं. विनोदाने बदल घडावा असं वाटत असेल तर त्याच्या पोटात अशी एखादी करता येण्याजोगी मागणी हवीच. नाहीतर लोक हसतात, लाइक करतात आणि पुढे सरकतात.

मी स्वतः मीम्स करते तेव्हा बहुतेकदा बाजू उलटवते. समजा, कंपनीच्या प्रमुखपदी बसलेल्या पुरुषाचं चित्र आहे. माझ्या मनात पहिली ओळ येते, ‘पुरुषांना कुणी घर-करिअरचा तोल विचारत नाही.’ ती मी खोडते, कारण ते भाषण झालं. मग लिहिते: ‘इतकी मोठी जबाबदारी! मुलं कोणाकडे ठेवून आलात?’ प्रश्न जसाच्या तसा ठेवायचा, फक्त माणूस बदलायचा. पुरुषाला विचारताना तो विचित्र वाटला की बाईला विचारतानाही तो तसाच होता, हे वाचणाऱ्याचं त्यालाच उमगतं. समजावून सांगितलं की मजा जाते आणि पटणंही जातं.

नेम धरायचा तो नियमावर, सबबीवर, सत्तेवर. सासू, मेकअप करणारी मुलगी, अडखळत इंग्रजी बोलणारा पुरुष, यांच्यावर हसून स्त्रीवाद होत नाही. अत्याचार झालेल्या बाईवर तर कधीच नाही. त्या विषयात हसायचंच असेल तर ‘ती तिथे गेलीच कशाला?’ विचारणाऱ्यांवर हसा.

आणि एक काळजी घ्या. असं काही पसरलं की घाणेरड्या कमेंट्स येतात, आणि त्या मीम करणाऱ्यापेक्षा फोटोतल्या बाईला जास्त झेलाव्या लागतात. म्हणून कुणाही बाईचा फोटो किंवा स्क्रीनशॉट तिला विचारल्याशिवाय वापरू नका, तिचं नाव-खातं झाका, आणि तिने काढ म्हटलं तर कितीही शेअर झालेली पोस्ट असो, लगेच काढा.