बिनदुधाचं फळांचं सॅलड: पाणी का सुटतं, कडू का होतं आणि मे महिन्यात काय घालावं

ताई, तुमच्या प्रश्नात तीन अडचणी आहेत. मे महिन्यात बारा माणसांच्या जेवणासाठी कस्टर्ड न घालता ताज्या फळांचं सॅलड करायचंय. मागच्या वेळी तळाशी पाणी साचलं, केळी काळी पडली आणि दही घातलेला अर्धा भाग तासाभरात कडू झाला. आपल्या उष्ण हवेतली कोणती फळं घ्यावीत, हेही तुम्ही विचारलंय.

या सगळ्याचं मूळ एकच आहे. आपण सगळी फळं एका बैठकीत कापतो, एका पातेल्यात ओततो आणि ढवळून ठेवून देतो. पण काही फळं आदल्या रात्री कापलेली चालतात, काही सकाळी, काही पानं मांडल्यावरच. एवढं सांभाळलं तर साखरही फारशी लागत नाही.

आधी कडूपणा. अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, पपईत पपेन आणि किवीत ॲक्टिनिडिन. तिन्हींचं काम प्रथिनं तोडण्याचं. दुधातल्या प्रथिनांचे असे तुकडे झाले की त्यातले काही चवीला कडू असतात. म्हणजे तुमचं दही आंबलेलं नव्हतं आणि अननसही खराब नव्हता, दोघं एकत्र फार वेळ राहिले इतकंच. पपईचं मिल्कशेक करून ठेवलं की कडवट होतं, तेही याचमुळे. उष्णतेने हे विकर निकामी होतं. म्हणून डब्यातला अननस क्रीममध्ये घातला तरी बिघडत नाही, कारण डबाबंद करताना तो तापवलेला असतो. घरात कुणाला दही किंवा क्रीम हवंच असेल तर अननसाच्या फोडी थोड्या साखरेत पाच-सात मिनिटं उकळा, पूर्ण गार करा आणि मग मिसळा. याच कारणाने कच्च्या अननसाची जेली जिलेटिनवर धरत नाही. चायना ग्रासवर मात्र धरते, कारण ते समुद्री शेवाळापासून होतं, त्यात तोडायला प्रथिन नसतं.

माझं मत विचाराल तर या सॅलडात दूध, दही, क्रीम काहीच घालू नका. मेमधल्या फळांना त्याची गरज नाही. काहीतरी मलईदार हवंसं वाटलं तर शहाळ्यातली कोवळी मलई लांब पट्ट्या करून घाला.

आता पाणी. फळ कापलं की पेशी फुटतात आणि थोडा रस येतोच. बोथट सुरीने फळ चिरण्याऐवजी चेपलं जातं, त्यामुळे तो जास्त येतो. पण खरं पाणी सुटतं ते साखर आणि मिठामुळे. कोशिंबिरीला आधी मीठ लावून ठेवलं तर काकडी पाणी सोडते ना, तसंच इथे होतं. म्हणून साखर, मीठ, मध यांतलं काहीही वाढण्याआधी फार तर दहा मिनिटं घाला. आणि फोडी फार बारीक करू नका. लहान फोडींना कापलेली बाजू जास्त, म्हणून पाणीही जास्त. सुमारे दोन सेंटीमीटरची फोड चमच्यात नीट बसते आणि चावताना ते फळ ओळखूही येतं. कलिंगड आणि खरबूज मी या सॅलडात घालत नाही. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, ते बाकी सगळ्यांची चव धुऊन टाकतं. त्याच्या गार फोडी वेगळ्या ताटलीत ठेवा, मुलं तशाच संपवतात.

फळं किती घ्यायची, यावर माझं ठाम मत आहे: चार, फार तर पाच. दहा फळं घातली की रंग दिसतात, पण जिभेला नुसता गोड लगदा लागतो. एक आंबट, एक मऊ आणि सुगंधी, एक करकरीत आणि एक चिवट किंवा दाणेदार, एवढं असलं की पुरे. तुमच्या जेवणासाठी मी अननस, पपई, आंबा आणि कापा (घट्ट गऱ्यांच्या जातीचा) फणस घेईन. केळं ऐच्छिक.

अननस निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. तो तोडल्यानंतर गोड होत नाही. घरी ठेवला तर साल पिवळी पडेल, फळ मऊ होईल, पण गोडी झाडावर भरली तेवढीच राहते. म्हणून आंबट निघालेला अननस चार दिवस ठेवून सुधारेल अशी आशा ठेवू नका. बुडाशी नाकाला गोड वास आला, फळ आकाराच्या मानाने जड लागलं आणि बुडाला बुरशी किंवा आंबूस वास नसला की घ्या. आपल्या बाजारात केरळच्या वाझाकुलमचा अननस बराच येतो. लहान, सोनेरी, वासाचा. सॅलडला तो उत्तम. अननस बुडाकडे जास्त गोड असतो आणि शेंड्याकडे कमी, त्यामुळे चकत्या न करता उभे चार भाग करा, मधला दांडा काढा आणि मग फोडी करा. म्हणजे प्रत्येक वाटीत दोन्ही भाग येतात. डोळे तिरक्या रांगेत असतात, त्या रांगेने सुरीची खाच मारत गेलात तर गर वाया जात नाही. जिभेला चुणचुण होणाऱ्यांसाठी फोडी हलक्या मिठाच्या पाण्यात क्षणभर बुडवून लगेच निथळा.

पपई याच्या उलट, ती घरी पिकते. पूर्ण पिवळी, हाताला लगेच दबणारी पपई खायला छान, पण सॅलडात तिचा गाळ होतो. साल बरीच पिवळी, देठाशी किंचित हिरवट आणि अंगठ्याने हलकंसं दबणारी घ्या. पपईचा वास न आवडणारे एकदोघे प्रत्येक घरात असतात. कापल्यावर लगेच लिंबू पिळलं की तो वास बराच मागे हटतो.

आंब्याबद्दल लिहायला बसले तर थांबणार नाही, म्हणून कामापुरतं. पायरी या कामाला घेऊ नका, ती रसाचीच. हापूस घ्यायचा तर सुगंध आलेला पण हाताला अजून घट्ट असा. अगदी तयार झालेला, सालीला सुरकुत्या पडू लागलेला हापूस आमरसाला ठेवा. फोडी टिकायला मला केशर जास्त आवडतो, त्याची थोडी आंबटसर झाक अननसाशी जुळते. अर्धवट पिकलेल्या तोतापुरीच्या दोन-चार पातळ कापा घातल्या तर करकरीतपणाही येतो. आंबे अर्धा तास पाण्यात ठेवा, देठाकडचा भाग कापून चीक पुसून टाका आणि मगच साल काढा. तो चीक ओठाला लागला तर काहींना चांगलाच झोंबतो.

कापा फणस या सॅलडात लोक सहसा घालत नाहीत याचं मला वाईट वाटतं. मेमध्ये तो भरपूर मिळतो, त्याच्या घट्ट गऱ्यांना पाणी सुटत नाही आणि वास सगळ्या भांड्यात पसरतो. बरका मात्र नको, त्याचे गरे बुळबुळीत, ते सांदणाला. सोललेले गरे विकत घेत असाल तर एक चाखून बघा. आठळी काढा आणि गऱ्याच्या बोटभर लांब पट्ट्या करा. बारा जणांसाठी वीसेक गरे पुरतात. आठळ्या टाकू नका, मीठ घालून उकडा.

केळ्याचं काळं पडणं थांबवण्याचा सोपा मार्ग तुमच्या भांड्यातच आहे. कापलेल्या केळ्याला हवा लागली की त्यातली विकरं काम करतात आणि रंग तपकिरी होतो. आंबटपणा आणि क जीवनसत्त्व त्यांना अडवतात. अननस कापताना पाटावर जमलेला रस एका वाटीत काढून ठेवा, केळ्याच्या चकत्या थेट त्यात पाडा आणि हलक्या हाताने घोळवा. लिंबापेक्षा ही चव बरी लागते. तरीही केळं अगदी वाढायच्या वेळीच कापायचं. आपली नेहमीची लांब केळी लवकर मऊ पडतात, वेलची केळी बरीच जास्त टिकतात. केळं नकोच असेल तर वसईकडची सुकेळी मिळतात का बघा. उन्हात वाळवलेल्या राजेळी केळ्यांची ती मधाळ, चिवट चव बारीक तुकड्यांतून मध्येच लागली की फार सुंदर वाटतं. आणि न कापलेली केळी, कच्चे आंबे, कच्ची पपई फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने त्यांचं पिकणं बिघडतं. पिकल्यावर ठेवा.

बारा जणांना जेवणानंतर प्रत्येकी दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम, म्हणजे साधारण दोन किलो कापलेली फळं लागतील. एक मध्यम अननस (साल, दांडा, शेंडा जाऊन निम्माच उरतो), एक किलोची पपई, चार मध्यम आंबे, ते वीस गरे आणि हवी तर सहा वेलची केळी.

आदल्या रात्री फक्त अननस कापा आणि फणस साफ करा. दोन्ही वेगवेगळ्या झाकणाच्या डब्यांत, फ्रिजमध्ये. डबा उघडा राहिला तर फणसाचा वास दुधाला लागेल आणि कालच्या भाजीचा वास अननसाला. कांदा-लसूण कापायची सुरी आणि पाट इथे वापरू नका, कितीही धुतला तरी लाकडी पाट वास सोडतो. सकाळी पपई, जेवणाच्या तासभर आधी आंबा. सगळी फळं कापण्याआधी धुवायची, पपई आणि अननसही, कारण सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. पाहुणे जेवत असताना डबे बाहेर काढा. बर्फासारख्या गार फळाला गोडी आणि वास दोन्ही कमी लागतात, दहा-पंधरा मिनिटांत ते खुलतात. मग पसरट भांड्यात खाली अननस आणि फणस, वर पपई, सगळ्यात वर आंबा. चमच्याने ढवळू नका, खालून वर दोनदा उलथवा.

वरून घालायला दोन लिंबांचा रस, एक लहान चमचा आल्याचा रस, दोन मोठे चमचे काकवी किंवा मध आणि चिमूटभर मीठ एकत्र करा. मिठाने गोडी वाढते, ते वगळू नका. काकवी मला मधापेक्षा आवडते, फणसाशी तिचं चांगलं जमतं. शेवटी पुदिन्याची पानं हाताने तोडून. चटपटीत हवं असेल तर पादेलोण, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि ताजी मिरपूड वेगळ्या वाट्यांत ठेवा, ज्याचं त्याने घ्यावं. चाट मसाला सगळ्या भांड्यावर भुरभुरवू नका, त्याच्याखाली आंबा हरवतो. कुणाचा उपवास असेल तर सैंधव आणि जिरेपूड ठेवा, पण आधी त्यांना विचारा, घराघरांत नियम वेगळे असतात.

हंगाम बदलला की फळं बदला, क्रम तोच. थंडीत अननस, पपई, पेरू आणि संत्रं घ्या. पेरू करकरीतच हवा, बिया काढा, पण साल ठेवा. त्यात क जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी जास्त असतं. डहाणू-घोलवडचा चिकू घालायचा तर नखाने साल किंचित खरवडून बघा. खाली हिरवं दिसलं तर थांबा, कच्चा चिकू तोंडाला चिकटतो आणि तुरट लागतो. चिकूही केळ्यासारखा शेवटी. डाळिंबाचे दाणे कधीही चालतात, पण वरून. आतून गडद गुलाबी असलेलं ड्रॅगन फ्रूट सगळ्यांना रंगवतं, ते कडेने लावा. सीताफळ यात नको, त्याचा गर मिसळला की सगळंच चिकट होतं.

इथे अमेरिकेतून वाचणाऱ्यांसाठी: मेक्सिकोचा अताऊल्फो आंबा, दुकानात जो हनी किंवा शॅम्पेन नावाने येतो, तो बिनरेषेचा असतो आणि फोडी छान पडतात. मोठ्या लाल-हिरव्या टॉमी ॲटकिन्समध्ये धागे फार, तो टाळा.

दोन गोष्टी काळजीच्या. पाहुण्यांत कुणाला मूत्रपिंडाचा आजार असेल तर करमळ, म्हणजे ते चांदणीच्या आकाराचं स्टारफ्रूट, सजावटीलाही घालू नका. त्यातलं विष निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकतं, आजारी मूत्रपिंडाला ते जमत नाही आणि जिवावर बेतू शकतं. आणि मेच्या उकाड्यात कापलेली फळं टेबलावर तासाभराहून जास्त ठेवू नका. निम्मं सॅलड फ्रिजमध्येच राहू द्या आणि लागेल तसं बाहेर आणा.

उरलंच तर त्याच रात्री केळं वेचून खाऊन टाका. बाकीचं एका कढईत थोड्या गुळाबरोबर आटवा, वेलची घाला. पोळीबरोबर चांगलं लागतं आणि फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतं. एकदा उकळल्यावर ते दह्यात घातलंत तरी कडू होणार नाही.