हात सरला, मॅडम

"मॅडम, हे लहान लेकराईचा डाक्टर व्हाले किती वर्सं लागते?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी महिन्यातून दोन शनिवार शाळेच्या ग्रंथालयात बसते, मुलांना पुढच्या शिक्षणाच्या वाटा सांगायला. दहावीचा निकाल लागला की हा प्रश्न येतोच. विचारणारे बाबा जूनमध्ये, पेरणी तोंडावर असताना आले होते. चपलेला काळी माती तशीच. सोबत प्राची (नाव बदललं आहे), दहावीला एक्क्याण्णव टक्के.

बालरोगतज्ज्ञच का, असं मी तिला विचारलं. मावशीचं बाळ दिवसांआधी झालं आणि जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात होतं, तेव्हा ही मावशीच्या सोबतीला राहिली होती. "तिथल्या डॉक्टरबाई स्टेथोस्कोप आधी सोताच्या तळहातावर घासायच्या. थंडा लागू नये म्हणून. मग बाळाच्या छातीवर ठेवायच्या." एवढंच म्हणाली. मला ते पुरेसं वाटलं.

बाबांनी अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवला. मी सांगत गेले, ते मोजत गेले. अकरावी-बारावी दोन. एमबीबीएस साडेचार, वर इंटर्नशिपचं एक. सरकारी कॉलेज असेल तर बाँडची सरकारी सेवा एक वर्ष. मग नीट-पीजी देऊन एमडी बालरोग, तीन वर्षं. झाले साडेअकरा, आणि पीजीच्या तयारीत थोडं इकडंतिकडं होतंच. अंगठा तर्जनीच्या शेवटच्या पेरावर येऊन थांबला. चार बोटांची बारा पेरं.

"हात सरला, मॅडम."

पूर्वी मी इथंच चुकत असे. एका मुलाला फळ्यावर अख्खी शिडी काढून दाखवली होती, वर डीएम नवजातशास्त्राची, म्हणजे एमडीच्याही पुढच्या पदवीची, आणखी तीन वर्षंसुद्धा. तो पुन्हा आलाच नाही. आता मी दुसऱ्यांदा मोजायला लावते, पैशाच्या बाजूनं.

"बाबा, परत करंगळीपासून. साडेसहा पेरं खर्चाची. त्यानंतर इंटर्नशिपला विद्यावेतन मिळतं. बाँडच्या वर्षी ती डॉक्टर म्हणून पगारावर असते. एमडी म्हणजे वर्गात बसणं नव्हे, वॉर्डात राबणं, अन् त्याचंही दरमहा विद्यावेतन. फी असते, पण हातात पैसा येत राहतो."

त्यांनी अंगठा मधल्या बोटावर मागे आणला. "म्हंजे अर्धा हात माया, अर्धा तिचा."

हे गणित सरकारी जागेचं, हे मी लगेच बजावलं. खाजगी कॉलेजच्या फीपुढे ते टिकत नाही. वावर विकून जागा घेऊ नका, असं मी तोंडावर सांगते. काहींना राग येतो, येऊ दे. यवतमाळला सरकारी मेडिकल आहे, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, नागपुरातही आहे. राज्याच्या कोट्यात सरकारी कॉलेजच्या ८५ टक्के जागा असतात. मराठी माध्यमाची भीती प्राचीला होती. नीटचा पेपर मराठीतही घेता येतो. १८० प्रश्न, ७२० गुण, त्यातले निम्मे जीवशास्त्राचे. एमबीबीएस मात्र इंग्रजीत, तेव्हा इंग्रजी वाचनाची सवय आतापासून लावायची. बालरोग घ्यायचं की दुसरं काही, हे आठव्या-नवव्या पेरावर ठरतं. तोवर मन बदललं तरी हरकत नाही.

"अन् नीट नाही निघाली तं?"

एक ड्रॉप घ्यावा, म्हणजे वर्षभर थांबून परीक्षा पुन्हा द्यावी. गुण चांगले वाढले तरच दुसरा, तिसरा नको, हे माझं मत. कोणी बीएएमएस सुचवेल. त्यातही कौमारभृत्य, म्हणजे आयुर्वेदातलं बालरोगशास्त्र, या विषयात एमडी करता येते, पण तो आयुर्वेदाचा वेगळा रस्ता आहे, त्यावरून एमबीबीएसनंतरच्या एमडी बालरोगला जाता येत नाही.

बाबा तरी उठेनात. टेबलाच्या कडेवरचा रंग नखानं खरवडत राहिले. मग हळूच, "अन् लगन कोन्त्या पेरावर?"

खरी काळजी ही होती. बारा वर्षांचा प्रश्न बापलोक मुलाच्या बाबतीतही विचारतात, पण तिथं हे शेपूट नसतं. मी काही बोलायच्या आत प्राचीनं बाबांचा हात धरला. "अंगठा रिकामाच हाय ना, बाबा." ते हसले, पण मान हलवली नाही. मीही रेटलं नाही. त्याचं उत्तर एका शनिवारात निघत नसतं.

त्याऐवजी कामाला लावलं. ओबीसी आहात तर जातवैधता आत्ताच करायला घ्या. बारावीनंतर धावाधाव करताना चांगले गुण असलेली मुलं अडकलेली मी पाहिली आहेत. नॉन-क्रिमिलेअर, अधिवासाचा दाखला बरोबरीनं. जातीचा पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा लागतो, म्हणून आजोबांचा शाळेचा दाखला शोधा.

"आबा तं शाळेतच नाही गेले."

"मग कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल काढा. तहसीलमध्ये मिळेल."

प्राचीनं एसटीच्या तिकिटामागं लिहून घेतलं. पाऊस यायच्या आत तहसील गाठू, म्हणत दोघं निघाले.