अडचणीलाच कामाला लाव

चिरंजीव, सप्रेम आशीर्वाद.

सरकारी खात्यासाठी करायचा दोन मिनिटांचा ॲनिमेशनपट, हाताशी ना धड साधने ना पैसा, म्हणून हे काम सोडून ‘स्वतःचे’ काही करावे की काय, ही तुझी घालमेल वाचली. मला एकच सांगायचे आहे: अडचण आहे तिथेच ठाण मांड आणि तिलाच कामाला लाव.

ॲनिमेशनपटकार नॉर्मन मॅक्लॅरन स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत शिकत होते तेव्हा त्यांच्यापाशी कॅमेरा नव्हता. त्यांनी जुन्या फिल्मवरचे इमल्शन, म्हणजे चित्र धरून ठेवणारा थर, धुऊन काढले आणि कोऱ्या पट्टीवर थेट रंगवायला घेतले. पुढे न्यूयॉर्कमध्ये १९४० च्या ‘डॉट्स’साठी त्यांनी चित्राशेजारच्या ध्वनिपट्टीवरही शाईच्या खुणा काढल्या, खुणा जितक्या दाट, तितका स्वर उंच. आणि १९५५ चा ‘ब्लिंकिटी ब्लँक’ तर नीट बघच. काळ्या फिल्मवर कोरताना मागच्या फ्रेमचा, म्हणजे पट्टीवरच्या आधीच्या चित्राचा, आधार दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक फ्रेममध्ये आकृती नेमकी जागेवर बसवणे अतिशय अवघड असते. दुसऱ्या कुणी फिल्म बदलली असती. यांनी बऱ्याच फ्रेम्स काळ्याच ठेवल्या, मधूनच काही फ्रेम्सचा झुबका कोरला आणि उरलेले काम प्रेक्षकाच्या डोळ्यात रेंगाळणाऱ्या प्रतिमेवर सोपवले. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात लघुपटाचे सर्वोच्च पारितोषिक त्यालाच मिळाले. अडचणीला कामाला लावणे म्हणतात ते हे!

सरकारी काम म्हणून नाक मुरडतोस, त्याचा मात्र मला राग येतो. १९४१ साली कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात रुजू झाल्यावर मॅक्लॅरन यांनी केलेल्या सुरुवातीच्या कामांत, नाताळचे टपाल लवकर टाका, असे सांगणारा लघुपटही होता. त्याच सरकारी संस्थेत १९५२ मध्ये जिवंत नटांना बाहुल्यांसारखे एकेका फ्रेमने हलवून त्यांनी ‘नेबर्स’ केला आणि त्याला ऑस्कर मिळाले. मीही जन्मभर पगारावर राहून लघुपट केले आणि मित्रांकडून ‘कारकून’ म्हणवून घेतले. विषय आणि मुदत दुसऱ्याने ठरवून दिली नसती, तर माझ्या हातून एकही काम तडीस गेले नसते, हे त्यांना कधी पटले नाही. त्यांचे स्वतंत्र चित्रपट अजून कागदावरच आहेत, हे जाता जाता सांगतो.

पुढच्या पत्रात नोकरीचा विषय नको. पहिली दहा सेकंदे पाठव, म्हणजे सेकंदाला २४ प्रमाणे २४० फ्रेम्स. ओबडधोबड असल्या तरी चालतील, पण सगळ्या हव्यात.